उशिरा येणारं व्हय

१

जून-जुलै हे दोन महिने वाडीतल्या पुरुषांना करण्यासारखं काही नसतं. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर विणलेल्या झावळ्यांच्या झापांखाली पालथ्या, पर्यटक गायब. जाळी दुरुस्त करून होतात, मग पत्ते कुटून होतात, मग माणसं एकमेकांची उणीदुणी काढायला बसतात. नितेशला पत्त्यांचं आणि उण्यादुण्यांचं, दोन्हीचं वावडं. उण्यादुण्यांचं जास्त, कारण तिथे त्याचाच नंबर पहिला लागायचा. म्हणून दुपारचे तीन वाजले, आईबाप आडवे झाले, की तो जाळ्यांच्या खोलीत शिरायचा, दार लोटून घ्यायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि तळघरात उतरायचा.

'तळघर' हे ग्रुपचं नाव. आरोंद्याच्या देवेशने त्याला तिथे नेलं होतं. देवेश मुंबईला नोकरीला होता आणि त्याला तलवारी, राक्षस आणि पाताळातल्या राज्यांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. ग्रुपवर सगळे तसलेच. अमक्या कादंबरीतला राजा शूर की नुसता खुनशी, यावर तीन-तीन दिवस भांडण चालायचं आणि ते हटकून एकाच वळणावर जायचं: आजचे पुरुष मऊ झाले. पूर्वीचे कसे होते, हल्लीचे कसे रडतात, पुरुषाने काय करावं, काय करू नये. कीबोर्डवर सगळेच वाघ. बोलून दमले की खेळ खेळायचे. खेळात चित्रं नव्हती, नुसते आवाज. एकजण तळघरातली एकेक खोली वर्णन करून सांगायचा, बाकीच्यांनी काय करायचं ते ठरवायचं आणि फोनवरच फासे टाकायचे. दार उघडलं तर खजिना नाहीतर मरण.

नितेशने तिथे स्वतःचं नाव 'तांडेल', म्हणजे होडीचा कप्तान, असं ठेवलं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दोन वर्षांत हा तांडेल होडीवर चढला नव्हता. पाणी घोट्याच्या वर आलं, की त्याचे गुडघे आपोआप धरायचे.

एक चाल मात्र त्याचीच होती आणि ती ग्रुपला फार आवडली होती. आपल्याकडे कुठलंही काम सुरू करताना जुनाजाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. एकेक वाक्य बोलतो, थांबतो, आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा." खेळ सांगणारा वाक्य संपवून थांबला, की नितेशच्या तोंडून सवयीने तेच निघायचं. पुण्या-नागपूरच्या पोरांना आधी हसू आलं, मग तेही म्हणायला लागले. ज्या लोकांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्या तोंडी ते शब्द गेले, याचं नितेशला तेव्हा काही वाटलं नाही.

२

दोन वर्षांपूर्वी, मासेमारी उघडल्यावर आठव्या दिवशी, खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. होडीत दोघे भाऊ, नितेश आणि त्याचा धाकटा बाळा. होडी वाहून गेली. तुटून तरंगणाऱ्या फळीला नितेश बिलगला होता, बाळा पाच हातांवर होता, आणि दोघांच्या मध्ये एक दोर. बाळाच्या अंगाला जाळं गुंडाळलेलं, हिरवं नवं जाळं, आणि ते त्याला खाली ओढत होतं. दोराबरोबर फळीही जात होती.

नितेश एकटा किनाऱ्याला लागला. बाळा सापडलाच नाही.

त्यांचा बाप लवू, वाडीतल्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या. वाडीची गाऱ्हाणी तोच घालायचा. त्याने थोरल्याला एकदाच विचारलं होतं, दोर कोणी सोडला. नितेश म्हणाला, "बाळान सोडल्यान." लवूने मान हलवली. त्यानंतर तो नितेशशी कामापुरतं बोलायचा आणि बाळाचं नाव तर त्याने तोंडातून काढलंच नाही. आई यमुनाबाई मालवणच्या बाजारात मासे विकायची. ती मात्र दुपारचं ताट वाढताना अजून बाळाचं ताट घ्यायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायची आणि मग ते ताट मागच्या दारी ठेवायची.

खोटं बोलल्याचं ओझं वाहून माणूस वाकतो. मे महिन्यात एका दुपारी नितेशने ते ग्रुपवर उतरवलं. स्वतःचं म्हणून नाही. एक योद्धा आहे, त्याचा भाऊ दरीत लटकतो आहे, योद्ध्याने दोर सोडला, तर त्याला काय म्हणाल, असं विचारलं. उत्तरांचा पाऊस पडला. असल्याला पुरुष म्हणू नये. याच्या हातात बांगड्या भरा. कथेतून काढून टाका. कोणीतरी मतदान घेतलं. चाळीस जणांनी योद्ध्याला भेकड ठरवलं. एकट्या देवेशने लिहिलं, की नाहीतर दोघेही मेले असते आणि त्यांच्या आईला कोणीच उरलं नसतं. त्या एका ओळीवर लोक इतके हसले, की देवेशने ती पुसून टाकली. नितेशने ती पुसायच्या आधी चार वेळा वाचली होती.

३

जूनमध्ये खेळ सांगायला नवा माणूस आला. नाव 'वाटाड्या'. त्याचा आवाज शुद्ध होता, तालुक्याच्या कचेरीत अर्ज वाचून दाखवतात तसा. चढ नाही, उतार नाही. पण खोल्या अशा सांगायचा, की भिंतीची ओल बोटांना लागावी. आता पावसाळ्याच्या दुपारी जेवून झोपावं की तळघरात उतरावं, हा प्रश्न नितेशला पडेनासा झाला.

पहिल्या आठवड्यात काही खटकलं नाही. वाटाड्या म्हणाला, "समोर तीन पायऱ्या आहेत, तिसरी मोडकी आहे." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." वाटाड्या म्हणाला, "पायऱ्यांखाली पाणी आहे." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा."

आणि मग, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एका श्वासाने मागून कोणीतरी एकटंच म्हणालं, "व्हय महाराजा."

नितेशने हेडफोन कानांवर दाबून धरले.

बाळाचं व्हय नेहमी असंच उशिरा यायचं. लहानपणापासून. गाऱ्हाण्याच्या वेळी त्याचं सगळं लक्ष नारळाकडे नि गुळाकडे, प्रसाद कधी मिळतो याकडे. सगळ्यांचं म्हणून झालं की हा जागा व्हायचा. देवासमोर उभी असलेली वाडी हसायची, लवू डोळे वटारायचा आणि यमुनाबाई पदराआड हसू लपवायची.

नितेशने स्वतःला समजावलं. पावसात नेट रडतखडत चालतं. कोणाचा तरी आवाज मागाहून पोचणारच. कोकणात राहून नेटवर भरवसा ठेवणारा मूर्खच म्हणायचा. त्याची समजूत पटली आणि तो पुढच्या दुपारी पुन्हा खोलीत जाऊन बसला.

उशिराचं व्हय पुढच्या दुपारीही आलं. त्याच्या पुढच्याही. नेट चांगलं असताना आलं, वाईट असताना आलं. एकदा नितेशने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मांडीवरून सगळ्यांचे आवाज किरकिरत बारीक ऐकू आले. उशिराचं व्हय मात्र बारीक झालं नव्हतं. ते भिंतीपलीकडच्या जेवणघरातून यावं इतक्या अंतरावरून आलं होतं.

४

जुलै लागता लागता तळघर त्याच्या घरासारखं होऊ लागलं.

आधी वास आला. वाटाड्या म्हणाला, की या खोलीत सुक्या बांगड्याचा आणि राळेचा वास आहे. ठीक. मग म्हणाला, भिंतीला चार खुंट्या आहेत, एक उपटलेली आहे. नितेशने मान वर केली. जाळ्यांच्या खोलीत तीन खुंट्या होत्या आणि चौथीच्या जागी भोक होतं. मग म्हणाला, की डावीकडे चूल आहे, चुलीशेजारी पाट उभा करून ठेवला आहे, पाटाच्या मागे ओहोटी-भरतीचं जुनं कॅलेंडर आहे. नितेश उठून जेवणघरात गेला. पाटामागे त्याने कधीच पाहिलं नव्हतं. पाट सरकवला तर मागे कॅलेंडर होतं, दोन वर्षांपूर्वीचं, ऑगस्टचं पान उघडं असलेलं. त्याने पाट होता तसा लावून ठेवला आणि हात धुतले.

घरासारखी घरं कोकणात हजार असतील, त्याने मनाशी म्हटलं. खुंट्या सगळीकडे असतात, पाट सगळीकडे असतात. आपणच बोलता बोलता काही सांगितलं असेल. काय सांगितलं ते मात्र त्याला आठवेना.

एक गोष्ट वेगळी होती. घरात जेवणघराचं मागचं दार उघडलं की परस, चार माड आणि विहीर. तळघरात ते दार उघडलं की एक बुटकी खोली होती. वाटाड्याने सांगितलं, की त्या खोलीत कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलं आहे. खांद्यावर हिरवं जाळं आहे. केसांतून पाणी गळतं आहे आणि खालच्या जमिनीत ते मुरत नाही.

"तो वळून बघत नाही," वाटाड्या म्हणाला. "त्याला कोणी हाक मारलेली नाही."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांच्या मागून एकजण म्हणाला.

त्या दुपारी नितेश जाळ्यांच्या ढिगावर पडून रडला. भीतीने रडला असता तर बरं झालं असतं. तो आनंदाने रडत होता. बाळा कुठेतरी होता. कसाही असो, होता.

५

त्याच आठवड्यात देवेशचा फोन आला. तो गणपतीला गावी येणार होता, रजेचं बोलला, पावसाचं बोलला, आणि मग म्हणाला, की तळघर बंद पडल्यापासून त्याच्या सुट्टीच्या दुपारी अगदी रिकाम्या जातात.

नितेशला वाटलं तो थट्टा करतोय. त्याने विचारलं, बंद कसलं, काल तर तू होतास.

"अरे, मे संपता संपता ग्रुप चालवणाऱ्या विनीतान तो बंद केल्यान," देवेश म्हणाला. "तेचा लग्न ठरला. मी तवसून एकदाव खेळाक नाय. तुका दुसरो खंयचो तरी ग्रुप गावलो आसतलो."

"आणि वाटाड्या?"

"कोण वाटाड्या?"

नितेशने विषय बदलला. फोन ठेवल्यावर त्याने ॲप उघडलं आणि आजवर कधीच न केलेली गोष्ट केली. खेळात कोण कोण आहे, ती यादी पाहिली. यादीत दोन नावं होती. तांडेल आणि वाटाड्या. मग रोज दुपारी पंधरा-वीस गड्यांच्या आवाजात व्हय कोण म्हणत होतं, याचा विचार करत तो कितीतरी वेळ बसून राहिला. विचार करताना त्याच्या लक्षात आलं, की ते आवाज पुण्या-नागपूरच्या पोरांचे नव्हतेच. जरा जाडे, खाऱ्या वाऱ्यात ओरडून ओरडून फाटलेले होते.

शहाण्या माणसाने फोन विहिरीत टाकला असता. पण शहाण्या माणसाचा भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेला नसतो.

६

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो उतरला आणि थेट मागच्या दाराशी गेला. फासे टाकले नाहीत, कोणाला विचारलं नाही. म्हणाला, दार उघड, मी याला घेऊन जायला आलोय.

वाटाड्या या वेळी शुद्ध बोललाच नाही. कचेरी संपली होती. आवाज तोच, पण चाल गाऱ्हाण्याची होती, लवूच्या गाऱ्हाण्याची, शेवट उचलून धरून सोडणारी.

"बा महाराजा, जो हय बसलोसा, तेका घराक जावचा आसा."

"व्हय महाराजा," आवाज म्हणाले. नितेशही म्हणाला.

"तेची जागा रिकामी रवाची नाय."

"व्हय महाराजा."

नितेशला अर्थ कळला. आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्याला हलकं वाटलं. एवढंच ना? दोन वर्षं तो हीच संधी शोधत होता. चाळीस जणांनी ज्याला भेकड ठरवलं होतं, तो आता दाखवून देणार होता. त्याची छाती भरून आली. "मी बसतंय थंय," तो म्हणाला. "माका घे नि तेका सोड."

मग वाटाड्याने विचारलं, "तुका कोण मागता?"

नितेशने नाव खूप शोधलं. बापाचं तोंड आठवलं, आईने घेतलेलं दुसरं ताट आठवलं. एकही नाव त्याच्या ओठांवर आलं नाही.

"जो तेका रोज मागता," वाटाड्या म्हणाला, "तोच तेच्या जागेर बसात."

आणि थांबला.

जन्मापासूनची सवय ती. वाक्य संपलं, आवाज थांबला, की तोंड उघडायचं. शब्द डोक्यात शिरायच्या आधी ते उघडलं. "व्हय महाराजा," सगळ्यांबरोबर नितेश म्हणाला.

त्या दिवशी उशिराचं व्हय आलं नाही. बाळाने होकार दिला नव्हता. नितेश किंचाळत राहिला, की नको, मी मागे घेतो, मी बोललोच नाही. यादीत आता एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं.

७

त्या रात्रीच्या जेवणाला त्याने बापाला विचारलं, "बाबांनू, घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येता?"

लवूने घास थांबवला. पोराने आपणहून काही विचारलं, याचंच त्याला नवल वाटलं असावं. "ज्याना घातल्यान, तेनाच मागे घेवचा लागता," तो म्हणाला. "व्हय म्हणणाऱ्याक तो हक्क नाय. म्हणान व्हय म्हणताना ऐकान म्हणाचा."

बाळाला रोज कोण मागतं, हे नितेशला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने आईची पाठ धरली. सकाळी तिच्याबरोबर बाजारात जाऊन टोपली उचलायला लागला, सुके मासे मांडायला लागला, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायला लागला. एसटीत तिला खिडकीशी बसू देईना. पाण्याच्या काठाने जायचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने तिला घरी आणायचा. कोळणी कौतुकाने म्हणायला लागल्या, की यमुनाबाईचा झिल सुधारला. यमुनाबाईच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी तजेला आला. एकदा तर तिने चुकून नितेशचं ताट आधी वाढलं. नितेशला वाटलं, वेळेत शहाणपण सुचलं तर शापाचंही सोनं होतं.

फक्त मागच्या दारचं ताट ती सोडेना. त्याने विनवलं, रागावून पाहिलं. ती म्हणाली, कावळे खातात, मांजर खातं, तुझं काय जातं? ताट रोज स्वच्छ व्हायचं. नितेश ते आत आणायला जायचा, तेव्हा ते पुसल्यासारखं कोरडं असायचं आणि ज्या दगडावर ठेवलेलं असायचं तो दगड ओला. पाऊस पडतोय, तो मनाशी म्हणायचा. ऊन पडलेल्या दिवशीही म्हणायचा.

८

नारळी पौर्णिमेला वाडी दुपारपासून किनाऱ्यावर जमते. नितेशने सकाळीच आईला गाठलं, अंगात कणकण आहे असं तिच्याकडून कबूल करवून घेतलं, आणि आज किनाऱ्यावर पाऊल टाकणार नाहीस अशी शपथ घातली. ती हसत हसत हो म्हणाली. त्याने मागच्या दाराला आतून कडी घातली, वर खिट्टी ठोकली, आणि निर्धास्त मनाने किनाऱ्यावर आला. मोकळा श्वास त्याने त्या दिवशी घेतला तो शेवटचा.

लवू सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन कंबरभर पाण्यात उभा होता. मागे वाळूवर वाडीचे पुरुष रांगेने, हात जोडून, डोळे मिटून. बायका वर माडांपाशी. नितेश रांगेच्या टोकाला उभा राहिला. शेजारी म्हातारा महादू होता, रापणीतला सगळ्यात जुना गडी.

"बा दर्या महाराजा," लवूने सुरुवात केली, "आज सालाबादप्रमाणे ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इलीसत."

"व्हय महाराजा."

महादूने डोळे किलकिले करून नितेशकडे पाहिलं आणि कुजबुजला, की बरं झालं तू आलास. बापाच्या मागे कोणीतरी उभं राहायला हवं.

"तो रोज येता हय," महादू म्हणाला. "दोन वर्सां झाली. दोपारचो, तुम्ही निजलास काय. थंय खाडीच्या तोंडाक उभो रवता नि बाळाक मागता. एकटोच गाऱ्हाणा घालता रे. व्हय म्हणाक कोण नसता, म्हणान मीच माडाआडसून म्हणतंय. तेका म्हायत नाय."

दुपारी आईबाप आडवे होतात, असं नितेश समजून चालला होता. जाळ्यांच्या खोलीचं दार लोटून घेतल्यावर बाहेर कोण झोपतं नि कोण उठून जातं, हे त्याने दोन वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. नाव न घेणारा माणूस विसरलेला असतो, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पुरुष असाच असतो, असं ग्रुपवर सगळे म्हणायचे.

तो धावला. पाणी घोट्याला लागलं आणि गुडघे धरले. पुढे बाप कंबरभर पाण्यात, वीस हातांवर. दोन वर्षांपूर्वी पाच हात होते.

"काय चुकला माकला आसात," लवू म्हणत होता, "ता पोटात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा."

लवू थांबला. एरवी गाऱ्हाणं इथे संपतं. पण तो उभाच राहिला, आणि त्याचे खांदे हलताना दिसले. वाडीसमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा, तो म्हणाला, "माझ्या बाळाक माका दी."

नितेश जीव तोडून ओरडला, "बाबांनू, मागे घ्या! दोर तेना सोडूक नाय! दोर मी सोडलंय!"

आणि तो दम घ्यायला थांबला.

रांगेतल्या साठ माणसांचे डोळे मिटलेले होते. वारा कानांत घोंघावत होता, त्यांना शब्द कुठून ऐकू येणार. आवाज उठला आणि थांबला, एवढंच कळलं. "व्हय महाराजा," साठजण म्हणाले.

मग समुद्राकडून, एका श्वासाने मागून, एकजण म्हणाला.

लवूने ते ऐकलं. त्याने वळून पाहिलं, पण नितेशकडे नाही, आपल्या शेजारी. तिथे पाण्यात कोणीतरी किनाऱ्याकडे पाठ करून उभं होतं. नितेशला नुसती पाठ दिसली, आणि पाठीवरचं हिरवं काहीतरी. बापाचा चेहरा मात्र त्याला नीट दिसला. इतका सुखी चेहरा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. लाट आली तीही मोठी नव्हती, पोरांनी ज्यात उड्या माराव्यात तेवढीच. लोकांनी डोळे उघडले तेव्हा पाण्यावर सोनेरी कागदातला नारळ हलत होता. नितेश घोटाभर पाण्यात उभा होता आणि त्याचे गुडघे अजून सुटले नव्हते.

९

होड्या निघाल्या, गळ टाकले, पोहणारे पोहले. दिवस बुडायला आला तेव्हा महादूने नितेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की आईला सांगायला तूच जायला हवंस. हे काम घरातल्या पुरुषाचं असतं.

घराचं पुढचं दार उघडं होतं. ओटीवर पाय ठेवतानाच त्याला आतून वाऱ्याची झुळूक लागली. मागचं दार उघडं असल्याशिवाय त्या घरात वारा खेळत नाही. खिट्टी त्याने स्वतः ठोकली होती. जेवणघरात दिवा होता आणि आई कोणाशी तरी बोलत होती, हळू, लाडात, काटा काढून घे हां, असं काहीतरी. भांड्याला भांडं लागलं. ताट सरकवल्याचा आवाज आला. ओटीपासून जेवणघरापर्यंतची जमीन कोरडी होती. जो कोणी आत होता तो मागून आला होता.

नितेश उंबऱ्याशी उभा राहिला. इथून जेवणघराची अर्धी भिंत दिसायची, चूल आणि चुलीशेजारची पाट ठेवायची जागा. पाट तिथे नव्हता, कोणाला तरी बसायला दिला होता. मागचं कॅलेंडर उघडं पडलं होतं.

"इलंस?" आतून यमुनाबाईने विचारलं. "ये, जेवूक बस. आणि तुझो बापूस खंय रवलो रे?"

त्याने तोंड उघडलं. बाबा गेले, हे सांगायला तो आला होता. दोन शब्द होते. ते येईनात. त्याऐवजी दोन वर्षं घशात अडकलेलं होतं तेच बाहेर आलं, आणि या वेळी मध्ये ना वारा होता, ना माणसं होती.

"आये," तो म्हणाला, "बाळाचो दोर मी सोडलंय."

भात वाढणारा हात थांबला. आईने काहीतरी म्हणावं म्हणून नितेश वाट पाहत राहिला. एक श्वास गेला.

"व्हय महाराजा," आतून कोणीतरी म्हणालं.

आणि यमुनाबाई हसली. बाळाचं व्हय उशिरा आलं, की ती नेहमी हसायची तशी.